दोन लाइन घेतल्या, तरी नेट बंदच

आम्ही दोघंही घरूनच काम करतो, त्यामुळे लाइन गेली की दोघंही एकदमच बिनकामाचे. म्हणून दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली, ड्युअल वॅनचा, म्हणजे दोन लाइन एकदम जोडता येणारा राउटर आणला, दोन्ही वायरी लावल्या आणि निवांत झालो. आणि पहिल्यांदा नेट गेलं तेव्हा मी मीटिंग चालू असताना टेबलाखाली वाकून टॉर्चच्या उजेडात एक वायर काढून दुसरी खुपसत होते.

(मध्येच सांगते, ड्युअल बँड आणि ड्युअल वॅन ह्यात गोंधळ करू नका. ड्युअल बँड म्हणजे वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, तो हल्ली जवळपास प्रत्येक राउटरला असतो आणि त्याचा दोन लाइनशी काहीएक संबंध नाही.)

तर झालं होतं असं की फायबर आधी येते ओएनटीत, म्हणजे कंपनीवाले लावून जातात त्या डब्यात, आणि तिथून हातभर इथरनेट वायरने आपल्या राउटरला. बाहेर कुठेतरी फायबर तुटली तरी ही हातभर वायर ठणठणीत असते, दिवा हिरवाच. आणि माझा राउटर बघायचा फक्त तो दिवा. लिंक आहे म्हणजे नेट आहे अशी बिचाऱ्याची समजूत, मग दुसऱ्या लाइनवर जाईल कशाला?

तेव्हापासून कुठला राउटर घ्यावा असं कोणी विचारलं तर मी पोर्ट किती ते सांगतच नाही, आधी विचारते की लाइन मेली हे राउटरला कळतं कसं. सेटिंगमध्ये ऑनलाइन डिटेक्शन, नेटवर्क मॉनिटरिंग असं काहीतरी नाव असतं, त्यात बाहेरचा पत्ता देता आला पाहिजे, ८.८.८.८ किंवा १.१.१.१ सारखा, ज्याला राउटर दर काही सेकंदांनी पिंग करत राहील, म्हणजे 'आहेस का?' असं विचारत राहील. दोन पत्ते देता आले तर उत्तम. नुसतं गेटवेला, म्हणजे लाइनवरच्या पहिल्याच थांब्याला, पिंग करणारा असेल तर उपयोग नाही कारण गेटवे म्हणजे बरेचदा तो ओएनटीच, तो घरातच बसलाय, तो उत्तर देणारच. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये चेक-गेटवे नावाचा पर्याय आहे तो हेच करतो, म्हणून तिथे लोक रिकर्सिव्ह राउट वगैरे (गेटवेच्या पलीकडचा पत्ता तपासायची युक्ती) लावतात, पण ते हौशी लोकांचं काम. किती पिंग चुकले की लाइन मेली समजायचं हेही ठरवता यावं, फार घाई केली तर लाइन जरा अडखळली तरी राउटर इकडून तिकडे उड्या मारत बसतो.

ओएनटी ब्रिज मोडला टाकून, म्हणजे त्याला नुसता मधला दुवा ठेवून, पीपीपीओईचं (कंपनीने दिलेल्या युजरनेम-पासवर्डचं) लॉगिन राउटरमध्येच भरता आलं तर हे दुखणं बरंच कमी होतं, कारण पलीकडून उत्तर येईना की सेशनच पडतं आणि राउटरला आपोआप कळतं. ब्रिज नाही जमलं तर एवढं बघा की दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ नाहीये. दोन्ही वॅनला एकच सबनेट, म्हणजे पत्त्यांचा एकच गट, आला की राउटरला कुठलं पॅकेट कुठे टाकायचं तेच कळत नाही, आणि लॅनचा, म्हणजे घरातल्या डिव्हाइसचा, सबनेट ह्या दोघांपेक्षाही वेगळा हवा. माझी एक अख्खी संध्याकाळ ह्यात गेलीय.

लोड बॅलन्सिंगचं, म्हणजे दोन्ही लाइन एकदम वापरण्याचं म्हणाल तर १०० आणि ५० एमबीपीएस मिळून १५० होत नाहीत. एक कनेक्शन एकाच लाइनवरून जातं, त्यामुळे एक मोठी फाइल एका लाइनच्याच स्पीडने उतरणार, फायदा होतो तो घरात चार जण एकदम वापरत असतील तेव्हा. आणि एकाच साइटची कनेक्शन दोन लाइनवर वाटली गेली की आयपी बदललेला दिसतो आणि बँकेची साइट लॉगआउट करून टाकते. त्यावर एका डिव्हाइसला एकाच लाइनला चिकटवून ठेवायचे पर्याय असतात, पण मी सरळ फेलओव्हरच ठेवलंय, एक लाइन गेली तरच दुसरी. त्यातही लाइन बदलताना चालू कॉल तुटतो, व्हीपीएन परत जोडावं लागतं, ते कुठल्याच घरगुती राउटरने टळत नाही.

शेवटी घेतला टीपी-लिंकचा ईआर६०५. वायफाय अजिबात नाही, नुसता डबा, पण डिटेक्शन मॅन्युअलवर टाकून पत्ते आपले देता येतात. वायफायसाठी जुनाच राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडला टाकला. एकाच डब्यात सगळं हवं असेल तर आसूसच्या बऱ्याच मॉडेलमध्ये एखादा लॅन पोर्ट किंवा यूएसबी दुसरा वॅन म्हणून वापरता येतो. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर आपण टाकायची मोफत सिस्टिम) वापरत असाल तर त्यावर दोन लाइन सांभाळणारं एमवॅन३ पॅकेज आहे, हात काळे करायची तयारी असेल तर मस्त.

टेस्ट करताना मात्र राउटरमधली वायर काढू नका, ती परीक्षा माझा पहिला राउटरही पास झाला असता. ओएनटीची फायबर काढून बघा (आणि तिच्या टोकात डोळा घालू नका, लेझर असतो). माझ्याकडे वीसेक सेकंदांत दुसरी लाइन लागली, एकदम खूश झाले.

मग आठवड्याभरात लाइट गेली. राउटर यूपीएसवर होता. दोन्ही ओएनटी नव्हते.