मोरी वाचवा, पण कुठली?

वर्गात चिठ्ठ्या टाकून पोस्टरचे विषय वाटले. शेजारणीला माळढोक आला, म्हणजे जवळच्या नान्नज अभयारण्यात एक चक्कर मारली की निम्मं काम झालं. माझ्या चिठ्ठीत 'शार्क संवर्धन'. समुद्र बघायचा तर सोलापुरातून रात्रभराचा प्रवास. "तुझं काय खरं नाही बे," एवढंच ती म्हणाली.

पोस्टरला हात लावण्याआधी दोन आठवडे नुसता अभ्यास करायचा, अशी अट होती. मी जगभरची चाळीसेक पोस्टरं जमवली, छोटी छोटी छापून घेतली आणि फरशीवर मांडली. निम्म्याहून जास्त चित्रांत दात, रक्त आणि काळंनिळं पाणी. म्हणायचं 'वाचवा' आणि घालायची भीती! तरी माझं पहिलं कच्चं चित्र तसंच झालं. सूपसाठी शार्कचे पर कापून घेतात आणि जिवंत धड पाण्यात ढकलून देतात, ते मी काढलं होतं. भाचीला दाखवलं. ती दात बघून म्हणाली, "याला मारलं ते बरं झालं."

आकड्यांनीही असाच दगा दिला. माणसं दरवर्षी सुमारे 10 कोटी शार्क मारतात असा एक अंदाज आहे, तो मी ठळक अक्षरांत टाकला होता. अप्पा चहा पिता पिता म्हणाले, "एवढे मरतात म्हणजे ढिगानं असतील की." बरोबरच होतं त्यांचं. खरी गोष्ट वेगळी आहे. काही जातींना वयात यायलाच वीस-पंचवीस वर्षं लागतात, पिल्लंही मोजकीच होतात, त्यामुळे मेलेल्यांची भरपाई होत नाही. पण हे एका ओळीत बसेना.

मग शब्दाचा घोळ. कोकणात शार्कला मुशी म्हणतात, मोरी म्हणतात. अस्सल मराठी शब्द सापडला म्हणून मी खुशीत 'मोरी वाचवा' असं लिहून आईला दाखवलं. तिनं आधी चित्राकडे पाहिलं, मग घरातल्या मोरीकडे. "तुंबलीय का?" मासळी बाजारातल्या मावशींना विचारलं, तर त्यांनी उजनीची चिलापी पुढं केली. "मोरी इथं कुठली, ही घे, ताजी हाय." तेव्हा मुकाट्यानं 'शार्क' हाच शब्द ठेवला.

वाट सापडली ती गुजरातच्या मोहिमेत. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पूर्वी व्हेल शार्कची मोठी शिकार व्हायची, त्याच्या यकृताचं तेल होड्यांना लावायचे. 2001 साली या माशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं, म्हणजे त्याच्या शिकारीवर बंदी आली. पण कायदा कागदावर. जाळ्यात अडकलेला मासा सोडायचा तर महागाचं जाळं कापावं लागतं. 2004 च्या मोहिमेत रामकथाकार मोरारी बापूंनी या माशाला बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली, आणि पुढे कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून शेकडो मासे सोडले. नुकसानभरपाईही होती, हे विसरून चालणार नाही. नुसत्या भावनेवर कोण जाळं कापतो?

ती उपमा उचलावी असं फार वाटलं. पण ती त्या किनाऱ्याची. आमच्याकडं काय?

नावात व्हेल असला तरी हा मासाच, 12 मीटरच्या आसपास वाढणारा आणि पाणी गाळून बारीक जीव खाणारा. 12 मीटर म्हणजे साधारण 40 फूट. हे डोळ्यांपुढं येईना, म्हणून गच्चीवर टेप घेऊन गेले आणि घरातल्या चादरी एकापुढं एक अंथरल्या. आमची चादर साडेसात फुटांची. पाच चादरी लागल्या, वर अडीच फूट उरले, तिथं टॉवेल टाकला. शेपूट झाली.

अप्पा जॅकार्डच्या, म्हणजे मागावर चादरीत विणायच्या नक्षीच्या, डिझाईनचे ग्राफ काढतात. त्यांना माशाचा फोटो दाखवला. पाठीवर फिकट रेघांचं जाळं आणि मध्ये पांढरे ठिपके. "चौकडा आणि बुट्टी," ते लगेच म्हणाले. मी सांगितलं, प्रत्येक माशाची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, त्यावरून अभ्यासक त्याला ओळखतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आमच्यात दुसरी चादर वेगळी आली तर गिऱ्हाईक माल परत करतंय."

त्या रात्री त्यांनी ग्राफच्या कागदावर पेन्सिलीनं ठिपके भरले, मुद्दाम विस्कटून. सवयीनं हात दोनदा सरळ रांगेत गेला, तेवढं खोडरबरानं पुसलं. पोस्टरवर शेवटी गच्चीवरून काढलेला फोटो आला: पाच चादरी, टॉवेलची शेपूट, वर अप्पांची नक्षी आणि खाली एकच ओळ, 'हा एवढा मोठा, आणि माणूस खात नाही.'

पहिल्या छपाईत गडद निळा सरळ काळा आला. रंग फिका करून दुसरी प्रत काढली, खिशातले पैसे गेले. कॉलेजच्या व्हरांड्यात ती लावली, तेव्हा पहिल्याच बाईंनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "चादरी कुठल्या कारखान्यातल्या?"

मी सांगितलं. मग त्या खालची ओळ वाचायला वाकल्या.