बावीस पानांचा अहवाल आणि बंद पडलेली रविवारची गोळी

जुलैतल्या एका सोमवारी ओपीडीत एक अक्का आल्या. वय ४६, विडी कामगार, घरी तेलुगू आणि बाहेर सोलापुरी मराठी. सोबत पुण्यात नोकरी करणारी मुलगी आणि तिच्या हातात २२ पानांचा रंगीत अहवाल. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

दोन्ही हातांच्या मधल्या बोटांची मुळं फुगलेली, उजवं मनगट गरम. ‘सकाळी बोटं मिटतच नाहीत बघा. कात्री धरायला येईना. आधी दिवसाला हजार विड्या वळत होते, आता चारशे म्हणजे डोक्यावरून पाणी.’ सकाळचा आखडलेपणा दोन तास. २८ सांधे एकेक करून दाबून पाहिले: १२ दुखरे, ९ सुजलेले. दुपारी रक्ताचे रिपोर्ट आले, शरीरातला दाह दाखवणारे दोन आकडे चढलेले: ईएसआर ७४, सीआरपी ३८. आजाराचा त्रास अक्कांनी स्वतः १०० पैकी ६० सांगितला. या सगळ्यातून डास-२८चा, म्हणजे आजाराचा जोर मोजणाऱ्या मापाचा, आकडा निघाला ६.६. तो ५.१च्या वर गेला की आमवात (रुमॅटॉइड आर्थरायटिस) जोरात आहे असं धरतात. जानेवारीच्या कागदावर हाच आकडा २.९ होता. तेव्हा एक सांधा दुखरा होता, सूज कुठेही नव्हती आणि ईएसआर २२ होता.

मधल्या काळात काय बदललं? आमवात आटोक्यात ठेवणारी गोळी, मेथोट्रेक्सेट, बंद झाली होती. तीन वर्षं दर रविवारी १५ मिलीग्रॅम चालू होती, ती मेच्या मध्यापासून दहा आठवडे थांबली. कारण त्या २२ पानांत होतं.

मुलीने आईच्या काळजीपोटीच साडेनऊ हजार रुपये भरून आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी मागवली होती. अहवालात तीन ठळक गोष्टी होत्या. ‘प्रीव्होटेला कोप्री’ लाल रंगात, ४१ टक्के, दाहाचा धोका जास्त. जिवाणूंची विविधता कमी. आणि चौदाव्या पानावर, मेथोट्रेक्सेटला प्रतिसाद मिळण्याची शक्यता कमी. शेवटी ९० दिवसांचा आहार: ज्वारी, शेंगदाणा, दूध बंद, रोज प्रोबायोटिकच्या दोन पुड्या. चौदावं पान वाचून घरच्यांनी ठरवलं की जी गोळी लागूच पडणार नाही ती कशाला घ्यायची.

ज्या बाईचा आजार त्याच गोळीवर तीन वर्षं आटोक्यात होता, तिलाच तो कागद सांगत होता की गोळी लागू पडणार नाही. हा दावा पूर्ण हवेतला नाही, हेही सांगायला हवं. उपचार सुरू होण्याआधीच्या विष्ठेतल्या जिवाणूंचा आणि मेथोट्रेक्सेटच्या प्रतिसादाचा संबंध दाखवणारा अभ्यास २०२१ मध्ये आला आहे. पण तो नव्याने आजार झालेल्या, औषध न घेतलेल्या लोकांवरचा होता. तीन वर्षं औषध घेतलेल्या माणसाला तो निकष लावता येत नाही. औषध लागू पडतं का, याचं उत्तर तिच्या सांध्यांनी कधीच दिलं होतं.

प्रीव्होटेलाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी नव्याने आमवात झालेल्या, उपचार न घेतलेल्या ४४ जणांची विष्ठा तपासली. ७५ टक्क्यांत प्रीव्होटेला कोप्री सापडला. २८ निरोगी लोकांत तो २१ टक्क्यांत होता. या जिवाणूचं नाव तिथपासून आमवाताला चिकटलं. पण त्याच अभ्यासात जुना आजार आणि उपचार चालू असलेले २६ रुग्णही होते, आणि त्यांच्यापैकी फक्त तिघांत तो सापडला. शिवाय हे सगळे अमेरिकेतले लोक. धान्य, डाळी, भाज्या यांवर जगणाऱ्या समाजांत प्रीव्होटेला निरोगी पोटातही भरपूर असतो. भोपाळ आणि केरळमधल्या निरोगी लोकांची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात शाकाहारप्रधान भोपाळकरांत प्रीव्होटेलाचंच राज्य होतं. जन्मभर ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्लेल्या सोलापूरच्या बाईच्या पोटात तो ४१ टक्के निघाला यात नवल काय? प्रश्न हा की तिला कोणाशेजारी उभं करून ‘जास्त’ म्हटलं. अहवालात ‘संदर्भ समूह’ एवढेच दोन शब्द होते. तो समूह कुठला, किती जणांचा, काय खाणारा, याचा पत्ता नव्हता.

टक्के हा शब्दही फसवा आहे. ही तपासणी जिवाणू मोजत नाही, सापडलेल्या डीएनएतला वाटा मोजते, आणि सगळे वाटे मिळून १०० होतात. एक गट प्रतिजैविकाने मेला की दुसरा न वाढताही वाढलेला दिसतो. त्यातून ही चाचणी १६-एस प्रकारची होती, म्हणजे जिवाणूंच्या एकाच जनुकाचा तुकडा वाचणारी. तिच्यातून वंशापर्यंत बऱ्यापैकी पोचता येतं, त्याखालच्या जातीचं नाव खात्रीने घेणं अवघड. प्रीव्होटेला कोप्रीच्या तर एका नावाखाली निदान चार वेगळ्या शाखा असल्याचं २०१९ मध्ये दिसलं. कुठली शाखा, हे त्या लाल पट्टीत नव्हतं.

मग नमुना कसा दिला, ते विचारलं. डबीबरोबर आलेल्या फॉर्ममधला औषधांचा रकाना कोरा होता. अक्कांनी नमुन्याच्या तीन आठवडे आधी घशासाठी पाच दिवस प्रतिजैविक घेतलं होतं, आणि पॅन्टोप्राझोल रोज चालू होतं. प्रतिजैविकानंतर जिवाणूंची विविधता कित्येक आठवडे, कधी महिनेही पूर्ववत होत नाही. पॅन्टोप्राझोलसारख्या औषधांनी जठरातलं आम्ल घटतं आणि तोंडातले जिवाणू आतड्यात जास्त दिसू लागतात. ‘विविधता कमी’ या शेऱ्याला एवढी दोन कारणं पुरेशी होती.

तिसरी चूक डबीची. वाटाण्याएवढी विष्ठा टिकवणाऱ्या द्रवात घालून नीट हलवायची असते. त्यांनी रेघेच्या वर भरली, हलवली नाही. द्रव आतपर्यंत पोचला नाही तर मधला भाग ताजाच राहतो. एप्रिलमधलं सोलापूरचं ऊन आणि कुरिअरचे चार दिवस! अशा उबेत काही जिवाणू डबीतच वाढतात, ऑक्सिजन न सोसणारे मरतात, आणि मशीन त्या डबीतली परिस्थिती इमानाने वाचतं.

२०२४च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने या तपासण्यांबद्दल एकमताची सूत्रं मांडली. रुग्णाने परस्पर चाचणी मागवू नये, औषधं आणि आहाराची नोंद घेतल्याशिवाय अर्थ लावू नये, आणि जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांच्या गुणोत्तरावरून निष्कर्ष काढू नये, असा त्यांचा सल्ला आहे. अक्कांच्या अहवालात पहिल्याच पानावर ते गुणोत्तर मोठ्या अक्षरांत होतं.

मुलीने विचारलं, ‘म्हणजे डॉक्टर, पोटाचा आणि या आजाराचा काही संबंधच नाही?’ आहे, आणि तो औषधाच्या दुकानातही दिसतो. आमवातात वापरलं जाणारं सल्फासॅलाझिन मोठ्या आतड्यातले जिवाणूच फोडतात. तिथे त्याचे दोन भाग होतात, तेव्हा ते काम करतं. संशोधन जोरात चालू आहे आणि व्हायलाच हवं. पण आज, एका रुग्णाच्या एका अहवालावरून कुठलं औषध द्यायचं किंवा बंद करायचं, हे ठरवण्याइतकं ते पुढे गेलेलं नाही.

विष्ठेच्या काही तपासण्या मात्र आमवातात खरोखर लागतात, आणि त्या स्वस्तात होतात. जुलाब लागले तर साधी तपासणी आणि जंतांची अंडी. रक्त पडत असेल, वजन घटत असेल तर आतड्यातला दाह दाखवणारं कॅलप्रोटेक्टिन; पण वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढतं, हे ध्यानात ठेवून. नुकतंच प्रतिजैविक झालं असेल आणि जुलाब थांबत नसतील तर क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूची तपासणी. अक्कांना यातलं एकही लक्षण नव्हतं.

जिवाणूंबद्दल विचारायची खरी जागा होती तोंड. अक्का पंचवीस वर्षं दिवसातून दोनदा मिश्री लावतात. हिरड्यांतून रक्त येत होतं, दोन दाढा हलत होत्या. हिरड्यांच्या आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू प्रथिनांमध्ये नेमका तोच बदल घडवू शकतो, ज्याच्याविरुद्धच्या प्रतिद्रव्यांना आमवात ओळखताना आपण अँटी-सीसीपी म्हणून मोजतो. हिरड्या बऱ्या केल्या की आमवात जातो असं नाही. पण खराब हिरड्या आणि तंबाखू, दोन्हींवर आजच उपाय करता येतो. दंतवैद्याकडे चिठ्ठी दिली.

मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू करण्याआधी रक्तपेशी, यकृतासाठी एसजीपीटी आणि मूत्रपिंडासाठी क्रिॲटिनिन पाहिलं, तिन्ही ठीक. पाळी बंद झाल्याची खात्री केली, कारण हे औषध गर्भाला घातक आहे. मग १५ मिलीग्रॅम, फक्त रविवारी. फॉलिक ॲसिड ५ मिलीग्रॅम मंगळवारी. चिठ्ठीवर वार मराठीत लिहिले आणि ‘रोज घ्यायची नाही’ हे अक्कांकडून दोनदा म्हणवून घेतलं. ही गोळी चुकून रोज घेतली तर अस्थिमज्जा बसते आणि जीव जाऊ शकतो. मेथोट्रेक्सेटचा असर दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर प्रेडनिसोलोन सकाळी १० मिलीग्रॅम, आठ आठवड्यांत उतरवून बंद.

उठताना अक्का म्हणाल्या, ‘मग भाकरी खाऊ का नको?’ ज्वारी आणि शेंगदाणे तोडून त्यांचं वजन तीन किलो उतरलं होतं आणि पोट साफ होत नव्हतं. भाकरी, डाळ, शेंगाचटणी, घरचं ताक सगळं चालू करायला सांगितलं. पुड्या थांबवल्या.

चार आठवड्यांनी रक्त ठीक होतं. सप्टेंबरच्या अखेरीस आल्या तेव्हा सुजलेले सांधे दोन, सीआरपी ७, आखडलेपणा वीस मिनिटं. विड्या आठशेवर आल्या होत्या. मिश्री दोनदाची एकदा झाली होती, बंद नव्हती. तंबाखू सोडवणाऱ्या समुपदेशकाकडे पुन्हा पाठवलं.

पॅकेजात दुसरी डबीही होती, ९० दिवसांनंतरच्या फेरतपासणीची. ती पाठवू का, असं मुलीने विचारलं. मी म्हणालो, ‘आकडा काहीही आला तरी आईची गोळी, डोस आणि जेवण आहे तेच राहणार.’ अक्कांनी मुलीकडे बघितलं. ‘तर मग परत दे की त्यांना. पैसे मिळत्यात का बघ.’

पुढची रक्ततपासणी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लिहून दिली.