डेडव्हलेच्या अलीकडे

नामिबियातली आमची ती सहल संपून तीन आठवडे झाले, तरी एक प्रसंग डोक्यातून जात नाही.

किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंड गावाहून सेस्रिम, म्हणजे वाळूच्या टेकड्यांच्या उद्यानाचं फाटक, सुमारे साडेतीनशे किलोमीटर. मी गाडी चालवतो त्या सहल कंपनीच्या ऑफिसने कार्यक्रमात पाच तास धरले होते. नकाशा बघून सहल आखणाऱ्यांना सी-14 म्हणजे खडीचा, पन्हाळी पत्र्यासारखा रस्ता आहे, हे समजतच नाही. अशा रस्त्यावर मी टायरमधली हवा जरा उतरवतो आणि वेग ऐंशीच्या पुढे जाऊ देत नाही. तरीही कुईसेब घाटाच्या पुढे मागचा टायर धारदार खडीने चिरला. मऊ खडीत जॅक रुततो, म्हणून मी गाडीत नेहमी एक फळी ठेवतो. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, दहा किलोमीटरवर थांबून पुन्हा तपासायचे.

मी स्टेपनी चढवत होतो तेव्हा साताऱ्याच्या भूगोलाच्या निवृत्त बाई सगळ्यांना समजावत होत्या. "किनाऱ्यालगत बेंग्वेलाचा थंड प्रवाह आहे. धुकं येतं, पाऊस येत नाही. तीस वर्षं शिकवलं हो, बघायला आज मिळतंय."

वाटेतल्या सॉलिटेअर वस्तीवर टायर दुरुस्त करून मुक्कामी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. खर्च वाचवायला मुक्काम उद्यानाच्या फाटकाबाहेर घेतलेला. आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी निघता येतं, बाहेरच्यांना फाटक उघडायची वाट पाहावी लागते. त्यात थकलेली मंडळी उशिरा उठली. साठ किलोमीटर डांबरी रस्ता आणि शेवटची पाच किलोमीटर वाळू पार करून चालायला लागलो, तेव्हा साडेदहा वाजले होते.

डेडव्हले म्हणजे वाळलेल्या, उभ्या झाडांचं कोरडं तळं. तिथपर्यंत वाळूतून किलोमीटरभर चालायचं. अर्ध्याच्या पुढे बाई थांबल्या. चेहरा लाल, ओठ कोरडे, बोलताना धाप लागत होती. वय बहात्तर. दवाखाना कित्येक तासांवर. मी परत फिरायचं ठरवलं. त्यात माझं चुकलं असं अजूनही वाटत नाही.

पण त्यांनी विचारलं, "किती राहिलं?"

जेमतेम चारशे मीटर राहिलं होतं. मी म्हणालो, "अजून बरंच आहे, बाई."

त्या मुकाट्याने वळल्या. गाडीपाशी बाभळीच्या सावलीत पाणी पीत बसल्या. बाकीचे परतल्यावर त्यांनीच सांगितलं, डेडव्हलेतली झाडं मरून सहाएकशे वर्षं झाली, ओलावाच नाही म्हणून कुजत नाहीत. मग कुणीतरी सहज म्हणालं, "बाई, तुम्ही अगदी जवळ आला होतात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत.