दुरुस्ती कोणी करायची?

‘तुमच्या पेठेतली माणसं गेली कुठे?’ गणपतीत पुण्याच्या नारायण पेठेत आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा हे विचारतो. येताना वाटेत त्याला पत्रे ठोकून बंद केलेले वाडे दिसलेले असतात, एखाद्या भिंतीतून फुटलेला पिंपळ दिसलेला असतो. बरेच जण उत्तरही स्वतःच देतात. मुलं परदेशी गेली, सगळ्यांना फ्लॅट हवे झाले, नोकऱ्या हिंजवडीला गेल्या, मग पेठेत राहणार कोण?

मी त्यांना सांगते, मला ही उत्तरं पटत नाहीत. माणसं वस्तीतून जातच असतात. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले वाडेच्या वाडे गेले. कितीतरी कुटुंबं गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगरला राहायला गेली ती परत आली नाहीत. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षं पेठा भरलेल्या होत्या, कारण एक बिऱ्हाड गेलं की दुसरं येत होतं. आमच्याकडे आधी थांबली ती दुरुस्ती. माणसं त्यानंतर गेली.

ती का थांबली हे समजायला भाड्यापासून सुरुवात करावी लागते. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारं जास्तीत जास्त भाडं, 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकलं. तेव्हा ते गरजेचंच होतं. युद्ध नुकतंच संपलेलं, महागाई आणि घरांची टंचाई. हा कायदा नसता तर आमच्यासारखी भाडेकरू कुटुंबं रस्त्यावर आली असती. पण थोड्या काळासाठी केलेल्या या कायद्याला मुदतवाढ मिळत राहिली आणि भाडं तिथंच राहिलं. 1997 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही असं म्हटलं, मग 1999 चा नवा कायदा आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली. ती महिना 20 रुपये भाड्यावर चक्रवाढीने धरली तरी 25 वर्षांनी भाडं पन्नाशीच्या थोडं पुढे जातं. तेवढ्यात गवंड्याच्या हाताखालचा माणूस अर्धा दिवससुद्धा येत नाही.

याच कायद्यात दुरुस्तीची जबाबदारी मालकावर आहे. त्याने नोटीस देऊनही केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. महिना 20 रुपये भाडं असेल तर वर्षाला 60 रुपये. एवढ्यात वाडा कसा उभा राहायचा, तुम्हीच सांगा.

लांबून बघणाऱ्याला वाडा एका पावसाळ्यात कोसळल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो कित्येक वर्षं आतून सडत असतो. आमच्या वाड्यात दोन उतारांची कौलं जिथे मिळतात तिथली पन्हळ फुटली होती. पाणी भिंतीत उतरायचं आणि नेमकं तुळईच्या टोकापाशी मुरायचं. तुळईचा मधला भाग आपल्याला दिसतो, तो वर्षानुवर्षं खणखणीत राहतो. सडतं ते भिंतीत गेलेलं टोक, कारण तिथं वारा लागत नाही आणि कुणाची नजरही पोचत नाही. त्यात खालच्या बिऱ्हाडाने ओल दिसू नये म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. मातीची भिंत श्वास घेते, ओल बाहेर टाकते. सिमेंटने ती ओल आत कोंडली. भिंतीला पोट सुटलं तेव्हा सुताराने गिलावा फोडून दाखवलं, तर सागवानाचं टोक हाताने चुरडत होतं. मग टेकू द्यावे लागले. पन्हळ वेळेवर बदलली असती तर काहीच झालं नसतं.

मालक वाईट होते म्हणून हे झालं नाही. तेही वरच्या दोन खोल्यांत राहायचे. त्यांच्या मागे प्रॉपर्टी कार्डावर भावांची, बहिणींची, त्यांच्या मुलांची नावं चढत गेली. भाडं वाटून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला चहाचे पैसे येणार, आणि दुरुस्तीला सगळ्यांच्या सह्या लागणार. मग कुणी भाडं स्वीकारेना, भाडेकरू मनीऑर्डर करू लागले, ती परत आली की कोर्टात भरू लागले. एकदा कज्जा सुरू झाला की भिंतीला हात लावायला दोन्हीकडचे वकील नको म्हणतात.

मुंबईत जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी जादा कर भरणाऱ्या, इमारतींसाठी 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ उभं राहिलं. त्याच्या कामावर कितीही टीका होवो, दुरुस्ती मागायला एक दार तरी होतं. पुण्याच्या वाड्यांना तेही मिळालं नाही. शनिवारवाड्याच्या आसपास अडचण आणखी वेगळी आहे. 2010 मध्ये पुरातत्त्व कायद्यात झालेल्या बदलाने संरक्षित वास्तूपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरला परवानगीची अट थेट कायद्यात आली. शनिवारवाड्याचं रक्षण व्हायलाच हवं. पण शेजारच्या बोळातलं घर पाडून नवं बांधता येत नाही आणि जुनं टिकवायला पैसा नाही, असं असताना तिथल्या माणसांनी काय करायचं, हे कुणीच सांगितलं नाही.

बायकांची बाजूही सांगितलीच पाहिजे. सामाईक संडास, खालून पाणी भरून जिना चढणं, मोरीला धड दार नाही. कोथरूडला स्वतंत्र न्हाणीघर असलेला फ्लॅट मिळत असताना नव्या सुनांनी हे का सोसावं? पंगतींच्या आठवणी सांगणाऱ्यांपैकी पाणी भरणारं मला फार कुणी भेटलेलं नाही. वाड्यात नळ आणि संडास वेळेवर झाले असते तर निदान निम्म्या तरी सुना राहिल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं.

आणि पेठ रिकामी झाली हे तर मुळीच खरं नाही. सकाळी सातला सदाशिव, नारायण, नवी पेठेत येऊन बघा. अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली नुसती एक खाट भाड्याने घेऊन, राहणारी मुलं. मराठवाड्यातून, विदर्भातून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली ही मुलं कष्टाळू आहेत, त्यांच्यामुळेच रस्ता जिवंत आहे. पण त्यांचा करार 11 महिन्यांचा आणि मत गावाकडे. ड्रेनेज तुंबलं तर नगरसेवकाच्या दारात जाऊन उभं राहणारं त्यांच्यात कोण असणार? आमच्या लहानपणी त्या कामाला बोळातली चार माणसं न बोलावता निघायची. आज ती संख्या भरत नाही.

‘मग तुम्ही अजून का राहता?’ हा पुढचा प्रश्न. माझं काम, माझी माणसं, माझी मंडई इथं आहे आणि मला दुसरीकडे राहायचं नाही. त्याहून महत्त्वाचं मी धोकादायक वाड्याची नोटीस आलेल्या भाडेकरूंना सांगत असते. जीव मुठीत धरून आत बसू नका. पालिकेने वाडा पाडला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे. बाहेर पडण्याआधी आपल्या खोलीचं मोजमाप पालिकेच्या अभियंत्याकडून लेखी घ्या, भाड्याच्या पावत्या, मनीऑर्डरच्या पोच आणि वीजबिलं एका फायलीत लावा, आणि त्या फायलीची प्रत मुलीकडे किंवा मुलाकडे, दुसऱ्या घरात ठेवा.