आजींचं खापर

अमळनेरजवळच्या गावातल्या आजींना मुलाने जळगावच्या फ्लॅटवर आणलं आणि दोन महिन्यांत माझ्याकडे घेऊन आला. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रुग्णांना रोजची कामं करता यावीत म्हणून मदत करणारी. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण नेहमीचेच. "ताई, आई एकदम खालावली हो. बाथरूमचं दारही सापडत नाही." आजींना वार सांगता आला नाही. शंभरातून सात वजा करा म्हटलं, तर पदराचं टोक चिवडत बसल्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरचे सगळे गावी जाणार होते. आजींना तिथे बघावं म्हणून मीही गेले. सून चुलीवर मांडे भाजायचं मातीचं खापर पालथं घालत होती. आजी उठल्या. "सरक पोरी." न बघता कोनाड्यात हात घातला, तेलाची वाटी बरोबर हाती आली. खापरावर पाणी शिंपडलं, चर्र आवाज ऐकला आणि एक लाकूड मागे ओढलं. पुरण भरलेला सैल उंडा हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवला. एक कड जाड राहिली, तर मनगट आपोआप तिकडे कललं. किती मांडे झाले ते त्यांना सांगता येत नव्हतं. किती उरलेत हे परातीतले उंडे दाखवत होते.

अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञांनी १९९८ मध्ये ऑटो नावाचा काल्पनिक माणूस उभा केला. त्याला अल्झायमर आहे, म्युझियमचा पत्ता तो वहीत बघतो. वही कायम जवळ असेल आणि तिच्यावर त्याचा पूर्ण भरवसा असेल, तर ती त्याच्या स्मरणशक्तीचाच भाग, असं त्यांचं म्हणणं. फ्रेड ॲडम्स आणि केन आयझावा या दुसऱ्या दोन तत्त्वज्ञांना हे मान्य नाही: वही मनाला मदत करते, म्हणून ती मन होत नाही. आक्षेप वजनदार आहे. पण त्या चुलीपाशी बसून मला क्लार्क-चाल्मर्सचंच पटलं. आजार मेंदूत आहेच, मांडे जमले म्हणून तो बरा होत नाही. तरी त्या दोन महिन्यांत जे गेलं, ते सगळं आजाराने नेलं नव्हतं. कोनाडा, चूल, परात गावीच राहिली होती.

मुलाला म्हटलं, "भाऊ, आईला इथे ठेवता येत नसेल, तर इथलं जमेल तेवढं तिकडे न्या." आता फ्लॅटमधल्या कपाटांची दारं काढली आहेत, भांडी उघड्यावर दिसतात, बाथरूमचा दिवा रात्रभर चालू असतो. तेलाची वाटी आजी स्वतः काढून घेतात. गॅस मात्र सूनच पेटवते.