दुखत न्हवतं की

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात मी काम करते. गेल्या श्रावणात लावणी उरकल्यावर कॅम्प लावला होता. बीपी-शुगरला बायकांची ही रांग, आणि छातीची, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरची तपासणी म्हटल्याबरोबर निम्म्या घरी. दोन साड्या बांधून आडोसा केलेला तरी.

एक मावशी थांबल्या, पन्नाशीच्या पुढच्या. "खांदा धरलाय बाई, गोळी दे की." म्हटलं गोळी देते पण आत या आधी. डाव्या बाजूला लिंबाएवढी टणक गाठ, हलवली तर हलत नाही आणि वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी. कधीपासून विचारलं तर म्हणाल्या, लक्ष्मीच्या जत्रेआधीपासनं. जत्रेला दोन वर्षं झालेली!

"सांगितलं का नाही कुणाला?"

"दुखत न्हवतं की."

तेच तर. सुरुवातीला गाठ बहुतेकवेळा दुखतच नाही, आणि आमच्याकडं बाईमाणूस दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही. सरकारी नियमाने तिशीनंतर ५ वर्षांतून एकदा ही तपासणी व्हायला पाहिजे, पण २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभरात एकीचीसुद्धा झालेली नव्हती, अख्ख्या देशात. याला मशीन लागत नाही हो! मुंबईत टाटा हॉस्पिटलनं वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर २० वर्षं अभ्यास केला, त्यातल्या निम्म्यांना शिकवलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या, तेवढ्यानं कॅन्सर लवकर सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांतले या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

पण गाठ सापडल्यावर पुढं काय, तर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, बेळगावात. गावात सकाळची एकच बस, पोरगा गोव्यात कामाला, फॉर्म सगळा कन्नडमध्ये आणि मावशींची शाळा मराठी चौथीपर्यंत. "भात कापणी झाल्यावर जातो" म्हणत होत्या. मी रजा टाकली आणि घेऊनच गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "एष्टु दिना आयतु?" बाजारापुरतं कन्नड मावशींना येतं, पटकन म्हणाल्या, "हदिनैदु दिना." पंधरा दिवस! मी मधेच बोलले, नाही सर, दोन वर्षं. मावशींनी मान खाली घातली.

आता केमो चालू आहे, दर २१ दिवसांनी. त्या दिवशी मात्र परतीच्या बसमध्ये जांबोटी येईपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मग हळूच म्हणाल्या, "सगळ्यांसमोर कशाला सांगितलीस गं?"