ओल्या डिसेंबरात मोहरीला एकटा

1 डिसेंबर 2021 ला अवकाळी पावसानं घाटमाथा झोडपला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत त्या गारठ्यात शेकडो मेंढ्या दगावल्या. अंगावर जन्मजात लोकर असलेलं जनावर, आणि पारा काही शून्याखाली गेला नव्हता. नुसती थंडी सोसता येते. ओल आणि वारा तिच्या जोडीला आले की जीवावर बेततं. त्या बातम्या डोक्यात ठेवूनच मी शनिवारी मोटारसायकलवर एकटाच, पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या मोहरी गावाला निघालो, आणि सगळी तयारी एकाच गोष्टीभोवती केली: कपड्यांचा एक जोड काहीही झालं तरी कोरडा राहिला पाहिजे.

लोकरीचे मोजे, थर्मल, माकडटोपी आणि स्लीपिंग बॅग, सगळं आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग सॅकमध्ये. ही पिशवी तंबू उभा राहिल्याशिवाय उघडायची नाही.

खानापूर, पाबे घाट, वेल्हे, मग भट्टी आणि पासली. केळदचा फाटा सोडून मोहरीकडे वळलं की खरी परीक्षा सुरू. पुढचा रस्ता तेव्हा बराचसा कच्चा होता, आणि तीन दिवसांपूर्वीच्या पावसानं त्याची पार रया गेली होती. डांबर संपलं तिथं दोन्ही टायरमधली हवा वीस पीएसआयच्या आसपास आणली. टायर थोडं पसरलं की चिखलात पकड मिळते. हवा परत भरायला पायपंप सोबत होताच.

माझी मोटारसायकल, एक्सपल्स, दीडशे किलोच्या थोडी वर भरते. एकट्यानं जायचं तर हा आकडा फार महत्त्वाचा, कारण गाडी आडवी झाली तर उचलायला दुसरं कुणी नसतं. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला, त्यामुळे निसरड्या उतारावर मागचं चाक हवं तेव्हा लॉक करून गाडी सावरता येते. पहिला गिअर, क्लचवर दोन बोटं, नजर लांब. तांबडी माती पुढच्या मडगार्डखाली थापली जाऊन चाक जड व्हायला लागलं की थांबायचं आणि काठीनं खरवडून काढायचं.

प्रत्येक ओहळापाशी गाडी उभी करून आधी पायी पलीकडे जाऊन आलो. जो उतार परत चढता येणार नाही असं वाटतं तो एकट्यानं उतरायचाच नाही, हा माझा नियम आहे. वेळ लागतो, पण मी त्यात तडजोड करत नाही.

मोहरीत पोचलो तेव्हा दिवस कलला होता. एका घरी खाचरात तंबू टाकू का विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "एकटाच आलायस व्हय? पडवीत नीज की, भाईर लई गारवा हाय." तंबूतच झोपायचंय म्हटल्यावर त्यांनी पेंढ्याचे दोन भारे दिले. ताडपत्रीखाली झाकलेल्या उडवीतले, आतून कोरडे ठणठणीत. तो पेंढा तंबूखाली वीतभर जाड अंथरला. थंडी वरून येते त्यापेक्षा जमिनीतून जास्त शिरते, आणि त्या पेंढ्यानं जे केलं ते माझ्या महागाच्या मॅटनं एकटीनं कधीच केलं नसतं. रात्रीची भाकरी-पिठलंही त्यांच्याच चुलीपाशी झालं.

कार्तिकी अमावास्या, त्यात धुकं. तंबूबाहेर हात दिसत नव्हता. ओले कपडे मी तंबूत घेतलेच नाहीत. बुटांत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून बाहेरच्या आडोशाला ठेवले. स्टीलच्या बाटलीत मावशींकडून गरम पाणी घेतलं, बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवली.

थंडीमुळे तंबूच्या खिडक्या बंद कराव्याशा वाटतात. करू नयेत. श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमते आणि पहाटे थेंब थेंब अंगावर गळते. मी दोन्ही टोकांना चार बोटं फट ठेवली. वारा लागला, पण स्लीपिंग बॅग कोरडी राहिली. आणि उबेसाठी तंबूत स्टोव्ह पेटवणं तर साफ चूक: कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपेतच माणूस जातो.

सकाळी ओले कपडे परत अंगात घालणं हा सगळ्यात नकोसा भाग. पण कोरडा जोड पिशवीतच गेला, कारण वाटेत काही बिघडून आणखी एक रात्र काढावी लागली असती तर भिस्त त्याच्यावरच होती. रायलिंग पठाराच्या टोकापर्यंत चालत गेलो. धुकं फाटलं तेव्हा लिंगाण्याचा सुळका समोर उभा ठाकला, मागे रायगड. जेमतेम पाच मिनिटं, मग पुन्हा पांढरं.

परतीची वाट तीच, पण चाकोऱ्या ओळखीच्या झाल्या होत्या. डांबरावर आल्यावर आधी हवा भरली. कमी हवेवर वेगात गेलं तर टायर तापतं आणि वळणावर गाडी डुलते. घरी पोचल्यावर त्याच रात्री चेन रॉकेलनं धुऊन तेल दिलं. तंबू मात्र पुढचे काही दिवस गॅलरीत टांगलेला होता. वरून कोरडा लागला तरी शिवणींत ओल टिकते आणि तसाच गुंडाळला तर बुरशी धरते, म्हणून शिवणी उलट्या करून पुन्हा वाळवल्या आणि मगच पिशवीत भरला.